ताटीबाहेरची हाक

भाईंदर पूर्वेची खारी आता गाव म्हणून चटकन ओळखू येत नाही; इमारतींच्या रांगांत ती मिसळून गेली आहे. नावात मात्र खार उरला आहे. खाडीलगतच्या या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं होती, आणि मिठागरावरचा माणूस 'मीठ पिकवतो' म्हणतो, 'बनवतो' म्हणत नाही. हे क्रियापद नेमकं आहे. उधाणाचं पाणी बांधाआड घ्यायचं, एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचं, तळ तुडवून घट्ट ठेवायचा, बांधाला खांड गेली तर ती बुजवायची, एवढं माणसाच्या हातात. मीठ आपल्या वेळेनं पडतं. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली जातं आणि पाऊस सरला की बांधबंदिस्तीपासून पुन्हा सुरुवात. टोकाच्या निराशेत माणसानं जगत का राहावं, या प्रश्नाला हात घालताना हे चित्र मी समोर ठेवतो आहे, ते त्यातल्या क्रमासाठी. आपण सहसा असं धरून चालतो की जगण्याला आधी कारण लागतं आणि ते पटलं की माणूस जगतो. म्हणून खचलेल्या माणसाला आपण कारणं पुरवू लागतो. मला वाटतं, बांध आधी आणि मीठ नंतर. जगणं राखलं जातं ते बहुधा दुसऱ्या कुणाच्या हातांनी, सवयीनं, उसनवारीवर. कारण त्या राखलेल्या पाण्यात मागाहून धरतं. आपल्या परंपरेतला बराच पुरावा या बाजूचा आहे. त्याविरुद्धचे आक्षेपही हलके नाहीत.

कारणं पुरवण्याचा सर्वांत भव्य प्रयत्न म्हणजे गीता. तिच्या पहिल्या अध्यायाला 'अर्जुनविषादयोग' म्हणतात. विषादालाही योगांच्या पंगतीत पान मांडणारा हा ग्रंथ. अध्यायाच्या शेवटी अर्जुन म्हणतो की आपण निःशस्त्र राहावं आणि समोरच्यांनी मारावं हेच बरं, आणि धनुष्य टाकून रथात बसून जातो. (युद्ध करावं की नाही हा वाद इथे बाजूला ठेवू, खचलेल्या माणसाशी कसं बोललं जातं एवढंच पाहू.) कृष्णाचं पहिलं बोलणं म्हणजे खरडपट्टी आहे: हा दुबळेपणा तुला शोभत नाही. ती वाया जाते. अर्जुन पुन्हा आपली व्यथा मांडतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. आपल्याकडे खचलेल्याला आजही पहिला डोस हाच मिळतो, आणि त्याचा परिणामही हाच होतो. मग कृष्ण युक्तिवादाकडे वळतो. आत्म्याचं अमरत्व, स्वधर्म, लोकापवाद, निष्काम कर्म, भक्ती, विश्वरूप. एक पुरत नाही म्हणून दुसरं. सातशे श्लोकांच्या अखेरीला अर्जुन काय म्हणतो? अमुक एक मुद्दा पटला, असं तो कुठेच सांगत नाही. मोह गेला, स्मृती परत आली, असं म्हणतो. ज्याचा त्यालाच विसर पडला होता, तो पुन्हा भेटला. आणि या सगळ्या वेळात एक गोष्ट ढळली नाही: सारथी जागा सोडून गेला नाही. युक्तिवादांचा आपण एवढा कीस काढला की या बसून राहण्याकडे लक्षच गेलं नाही.

आळंदीची गोष्ट याहून थेट आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेनं ते परत संसारात आले, चार मुलं झाली आणि गावानं कुटुंबाला वाळीत टाकलं. परंपरा सांगते की या दोषाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय वाट नाही असा निर्णय शास्त्र्यांनी दिला आणि नवराबायकोनं तो मान्य केला. या कथा आपल्यापर्यंत नामदेवांच्या नावावरच्या अभंगांतून आणि अठराव्या शतकातल्या महिपतींच्या चरित्रांतून आल्या. त्यांत इतिहास किती आणि श्रद्धा किती, हे निवडणं अवघड. पण एखादा समाज शतकानुशतकं कोणती गोष्ट जपतो, हाही पुरावाच असतो, आणि या गोष्टीतला सल बोचरा आहे: आईबापांचं मरण मुलांच्या काही कामी आलं नाही. ती संन्याशाचीच पोरं राहिली. पुढे एकदा लोकांच्या बोलण्यानं घायाळ होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी आतून लावून बसले आणि धाकटी मुक्ता बाहेर उभी राहिली. ताटीच्या अभंगांत ती काय करते? जग चांगलं आहे असं ती सांगत नाही. तीही त्याच घरातली, तेच शब्द तिनंही ऐकलेले. जगण्याचा अर्थ सिद्ध करायलाही ती बसत नाही. तो कोण आहे याची त्याला आठवण देते, जरा रागावते, जरा गोंजारते, आणि फिरून फिरून एकाच मागणीवर येते: दार उघड. तत्त्वज्ञान तिच्याकडे मोप आहे, पण ते त्या मागणीच्या गाड्याला जुंपलेलं आहे.

या गोष्टीचं आधुनिक रूप पंडिता रमाबाईंच्या आत्मकथनात आहे, आणि तिथे दंतकथेची अडचण नाही. १९०७ मध्ये त्यांनी स्वतःच ते लिहिलं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत. १८७० च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात हे कुटुंब उपाशी पडलं. जवळचं होतं नव्हतं ते विकून झालं. शास्त्र्यानं मोलमजुरी करायची नाही, हात पसरायचा नाही, अशी जन्माची शिकवण. तेव्हा वडिलांनी देह ठेवायचं ठरवलं आणि एकेकाचा निरोप घेतला. तो बेत कशानं मोडला? थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की माझं शरीर धट्टंकट्टं आहे, मी जातीचा अभिमान सोडतो आणि मजुरी करून तुम्हाला पोसतो. ब्रह्मज्ञानाची कमतरता त्या कुटुंबात नव्हती. कमतरता होती ती एका वाक्याची, आणि ते वाक्य पोटाबद्दल होतं. वडील फार जगले नाहीत. आई आणि बहीणही पाठोपाठ गेल्या. मग भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला. एवढं सगळं जाऊन उरलेल्या या बाईनं १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि १८९६-९७ च्या दुष्काळात उपासमारीतल्या मुली आणून केडगावला त्यांना आसरा दिला. विशीतल्या रमाबाईंना 'तू का जगावंस' असं कुणी विचारलं असतं, तर 'केडगाव' हे उत्तर त्यांना देता आलं नसतं, कारण ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. रमाबाईंनी पुढे बायबल मराठीत आणलं. त्यात एलिया नावाचा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो, ती हकीकत आहे. देवदूत येतो आणि म्हणतो, ऊठ, खा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवायला लावतो. धर्मोपदेश नंतर, बऱ्याच मजलांनंतर. रमाबाईंना हा प्रसंग भाषांतरताना आपला भाऊ आठवला असेल का, हे विचारायला आता कुणी नाही.

तुकोबांचं उदाहरण इतकं घोटून गुळगुळीत झालं आहे की त्यातली खरी बाब नजरेतून सुटते. १६३०-३२ चा दुष्काळ, व्यापाराचं दिवाळं, अन्नावाचून गेलेली पहिली बायको, मुलगा. आपण या दुःखावरून थेट अभंगांवर उडी मारतो, जणू दुःखातून साक्षात्कार आणि साक्षात्कारातून कविता असा सरळ रस्ता होता. आपल्या आयुष्याची हकीकत सांगणाऱ्या अभंगात स्वतः तुकोबा वेगळाच क्रम देतात. जे पहिलं सुचलं ते मोडकं देऊळ दुरुस्त करणं. मग एकादशीला कीर्तन करू लागले, आणि सुरुवातीला मन त्यात नव्हतं अशी स्वच्छ कबुली ते देतात. संतांची वचनं पाठ केली. दुसरे पुढे गात, तेव्हा त्यांच्यामागे ध्रुपद धरलं. म्हणजे जगण्याचा अर्थ हरवलेला हा वाणी आधी चुना-मातीच्या कामाला लागला, मग दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळू लागला, आणि मन त्यानंतर कधीतरी आलं. स्वतःचा सूर नसेल तेव्हा मागून ध्रुपद धरायचं, ही सोय वारकरी कीर्तनानं करून ठेवलेली आहे; टाळकऱ्याला आज श्रद्धा किती आहे हे कुणी तपासत नाही. निराशेवरचा माझ्या माहितीतला हा सर्वांत व्यवहारी उपाय.

धर्मांनी दुसराही उपाय बराच काळ वापरला: भीती. आत्मघात महापाप, त्यानंतर अंधार, त्यासाठी ईशोपनिषदाचा दाखला. तो दाखला काळजीपूर्वक वाचला तर भलताच निघतो. तिसऱ्या मंत्रातल्या 'आत्मा मारणाऱ्यां'चा अर्थ शंकराचार्यांनी आत्मज्ञानाला मुकलेले अज्ञ लोक असा लावला आहे. त्या अर्थानं आपण बहुतेक सगळेच त्यात येतो. आणि त्याच्या अगोदरचा मंत्र, जो अशा वेळी कुणी ऐकवत नाही, कर्मं करीतच शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरावी असं सांगतो. मीरा-भाईंदरच्याच हद्दीतल्या उत्तनला ख्रिस्ती कोळ्यांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या चर्चच्या १९१७ च्या विधिसंहितेत, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत ही तरतूद उरली नाही. कायद्यानं हाच रस्ता आणखी सावकाश कापला. जगता न आल्याबद्दल तुरुंग, अशी भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाची तऱ्हा होती. मुंबई उच्च न्यायालयानं एका पोलीस शिपायाच्या खटल्यात १९८६ मध्येच ते घटनाबाह्य ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ते पुन्हा वैध मानलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगून त्याच्या काळजीची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते जुनं कलम त्या रूपात राहिलं नाही. भीती माणसाला काही काळ थोपवत असेलही. पण ती तोंड बंद करते, आणि ज्याचं तोंड बंद, त्याच्या ताटीशी कुणी पोचणार कसं?

आता आक्षेप. पहिला तत्त्वज्ञाचा: हे सगळं वेळ मारून नेणं झालं. जीवन खरोखरच निरर्थक असेल तर? निराश माणसाला भ्रम झाला आहे असं मानून त्याला जेवू घालणं, कामाला लावणं, गाण्यात ओढणं, हा त्याच्या बुद्धीचा अपमान नाही का? आक्षेपात वजन आहे. पण निराशेचा दावा नीट पाहिला तर त्याचे दोन भाग दिसतात. 'जगाला अर्थ नाही' हा एक. त्यावर हवी तेवढी चर्चा होऊ शकते, आणि ती करत करत माणसं ऐंशी वर्षं जगतात. 'माझं आता कधीच काही बरं होणार नाही' हा दुसरा, आणि जीवघेणा तोच. पहिला तत्त्वज्ञानाचा आहे, दुसरा निव्वळ भाकीत आहे, आणि भाकितं पडताळता येतात. अमेरिकेत रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये, अगदी शेवटच्या क्षणी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं ते तपासलं. सरासरी पंचवीसहून अधिक वर्षांनंतर त्यांतले सुमारे ९४ टक्के एकतर हयात होते किंवा नैसर्गिक मरण आलेले होते. त्या ५१५ जणांना त्या दिवशी आपला निष्कर्ष पक्का वाटला होता. मन जेव्हा वादीही असतं आणि न्यायाधीशही, तेव्हा निकाल पुढे ढकलायला सांगण्यात बुद्धीचा अपमान नाही. कोर्टात आपण तेच मागतो, आणि तारीख मिळाली की हायसं वाटतं!

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो खरा आहे. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा शेवट झाला. अलीकडे त्या दिवशी राज्यात अनेक जण अन्नत्याग करतात. कर्ज, नापिकी, पडलेले भाव, पाण्याचा आणि विजेचा प्रश्न, यांनी घेरलेल्या माणसाला जगण्याची तात्त्विक कारणं ऐकवणं म्हणजे त्याची चेष्टा आहे. त्याची निराशा हा आजार नसून हिशेब आहे, असं हा आक्षेप म्हणतो. मी यातला बराचसा भाग मान्य करतो. किंबहुना वरच्या दोन्ही मराठी गोष्टी हेच सांगतात: विठ्ठलपंतांच्या घरातला अंधार आकाशातून पडला नव्हता, शास्त्र्यांच्या निर्णयातून आला होता; डोंगरे कुटुंबाची उपासमार दुष्काळाइतकीच जातीच्या अभिमानानं ओढवली होती. ज्यांना कुणीतरी कोंडलं आहे, त्यांच्या निराशेला मनाचा दुबळेपणा म्हणणं हा कोंडणाऱ्यांचा कावा असतो. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला, तोही यातलाच पुरावा. पण एवढं मान्य केल्यावरही माझा मुद्दा उरतो, उलट घट्ट होतो. हिशेब मांडणारा शेतकरी एका रकान्यात हमखास चुकतो: आपण घरच्यांवर ओझं आहोत, गेलो तर त्यांचं ओझं उतरेल. ते उतरत नाही. कर्ज असतं तिथेच राहतं आणि फेडणारे दोन हात कमी होतात. बाकीचे रकाने मात्र त्यानं बरोबर मांडलेले असतात, आणि ते बदलण्याचं काम बाहेरच्यांचं आहे. भाव, पाणी, कर्ज यांचा प्रश्न सोडवणं हा ताटी वाजवण्याचाच प्रकार आहे. श्रीनिवास डोंगरे नुसती हाक मारून थांबला नव्हता. त्यानं स्वतःची किंमत मोजली होती.

तिसरा आक्षेप परंपरेच्या पोटातून येतो. ज्या ज्ञानेश्वरांना मुक्ताईनं बाहेर काढलं, त्यांनीच १२९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, आळंदीत समाधी घेतली. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्नपाणी सोडलं. भाईंदरला बावन जिनालय आहे, आणि इथल्या जैन वस्तीत संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, हा पुस्तकातला शब्द नाही. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं तेव्हा समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. जीवन सोडणं परंपरेला मान्य असेल, तर निराश माणसालाच तेवढं अडवायचं कोणत्या तोंडानं? उत्तर जैन शास्त्रकारांनीच देऊन ठेवलं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे, म्हणजे संथाऱ्याचेच, दोष सांगितले आहेत, आणि त्यांत जगण्याच्या लालसेच्या बरोबरीनं मरणाची इच्छा हाही दोष आहे. ज्याला मरावंसं वाटतं, त्याला ते व्रत नाही. अर्थात मनाच्या आतून हा भेद ओळखणं सोपं नाही. निराशा विरक्तीची भगवी कफनी मोठ्या हौसेनं पांघरते. म्हणून मी कसोटी बाहेरची लावतो. समाधी असो वा संथारा, त्यात दार उघडं असतं. गुरूची अनुज्ञा लागते, घरच्यांना ठाऊक असतं, लोक येतात, दिवस जातात, बोलणं होतं. ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या वर्णनात नामदेवांसकट सगळी संतमंडळी हजर आहे, रडते आहे. निराशेला साक्षीदार नको असतो, आतून कडी हवी असते. या रूढींबद्दलचे इतर प्रश्न, विशेषतः दबावाचे, यानं मिटत नाहीत. पण निराश माणसाला त्यांचा आधार घेता येत नाही, एवढं यातून नक्की निघतं.

मग खारीसारख्या ठिकाणी हाक कोण मारणार, हा प्रश्न उरतो, आणि तो धर्मग्रंथांपेक्षा वस्तीचा आहे. १९९१ ला पावणेदोन लाखांच्या आसपास असलेलं मीरा-भाईंदर २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलं. इतक्या वेगानं वाढलेल्या शहरात माणसं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, पण दाराला दोन दारं असतात, त्यातलं एक जाळीचं, आणि शेजाऱ्याचं नाव पाटीवरून कळतं. मिठागराच्या बांधाला खांड गेली की ती सगळ्यांना दिसायची. पाणी कुणाच्या वाफ्यात शिरलं हे विचारायची गरज नव्हती. इथली खांड दिसत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र, मराठीतही. ज्याला ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडता येत नाही त्याला अनोळखी आवाज सोपा पडतो, त्यामुळे तिला कमी लेखण्याचं कारण नाही. पण क्रमांक आतल्या माणसानं फिरवायचा असतो, आणि ताटी आतून लावलेली असताना ते बळ त्याच्यात असेलच असं नाही. बाहेरून येणाऱ्याला कोणती पात्रता हवी? मुक्ता घरात सर्वांत लहान होती. श्रीनिवासकडे पदवी नव्हती. एलियाच्या देवदूतानं भाकर आणि पाणी आणलं, त्याच्याजवळ दुसरं काही असल्याचा उल्लेख नाही.

आपण चुकीचं बोललो तर, नेमकं कारण सुचलं नाही तर, या धास्तीनं बहुतेक जण दारापासूनच परत फिरतात. ताटीच्या अभंगांत ज्ञानेश्वरांचं उत्तर नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत आवाज एकट्या मुक्ताईचा आहे. ताटी उघडली असं परंपरा सांगते. तिच्या कोणत्या बोलण्याला उघडली, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.